एकाच इमारतीतले दोन आकडे

नमस्कार, श्रोतेहो.

न्यूयॉर्कच्या त्या दोन मनोऱ्यांत ११ सप्टेंबर २००१ ला शेअर दलाल होते, तसे वरच्या मजल्यावरच्या हॉटेलात भांडी घासणारेही होते. मरण एकाच सकाळी आलं. भरपाई मात्र निरनिराळी आली.

अकरा दिवसांत अमेरिकेनं कायदा केला. कुटुंबांनी विमान कंपन्यांवर दावे लावू नयेत, त्याबदल्यात पैसे सरकार देईल. वाटपाची जबाबदारी केनेथ फाइनबर्ग या वकिलावर आली. कायद्यानं त्यांना सांगितलं की मृताची पुढची कमाई किती झाली असती ते मोजा. मोजलं. कुणाला अडीच लाख डॉलर मिळाले, कुणाला सत्तर लाखांच्या वर. त्यातही विम्याचे आणि पेन्शनचे पैसे वजा! म्हणजे ज्यानं पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरले, त्याच्याच घरी सरकारी रक्कम कमी. मला हे अजूनही पचत नाही.

कोर्टात हा हिशेब बरोबरच आहे. तिथे ज्याच्या चुकीनं नुकसान झालं तो ते भरून देतो, मग नुकसान मोजावंच लागतं. पण सरकार देतं ते सगळ्यांच्या करातून. त्या तिजोरीत भांडी घासणाऱ्याचाही पैसा असतो. तिनं जिवाचा भाव पगारपत्रकावरून का ठरवावा? माझं मत विचाराल तर मृत्यूपोटीची रक्कम सरसकट एकच हवी. पोरांचं शिक्षण, अंथरुणाला खिळलेले आईवडील, डोक्यावरचं कर्ज, यांची सोय वेगळी आणि गरजेप्रमाणे करावी. पुढे स्वतः फाइनबर्गही याच मताला आले. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गोळीबार झाला, तेव्हा लोकांच्या देणग्यांचं वाटप त्यांच्याकडे होतं. तिथे मृतांच्या सर्व कुटुंबांना त्यांनी सारखीच रक्कम दिली.

आणखी एक टोचणी आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्याच ओक्लाहोमा सिटीत एका सरकारी इमारतीत बॉम्बस्फोट झाला, त्यात १६८ माणसं गेली. त्यांच्यासाठी असा निधी नव्हता. आमच्या माणसांचं काय, असं त्या घरांनी विचारलं. त्यावर देण्याजोगं उत्तर कुणापाशी नव्हतं. कुठली आपत्ती किती गाजली, यावर मदत ठरली तर तिला न्याय कसं म्हणायचं?

११ सप्टेंबरच्या मृतांची शेवटी ९७ टक्के कुटुंबं सरकारी निधीत आली, पण सुखासुखी नाही. अर्जाची मुदत २२ डिसेंबर २००३ ची. अखेरचे काही महिने उरले तरी कितीतरी घरांचे अर्ज आले नव्हते. निधीची माणसं त्यांची समजूत घालत होती. आकड्यावर रुसलेले काही असतीलही. पण अनेकांना दुःखानं पेनच उचलवत नव्हतं. सही करायची म्हणजे माणूस गेला हे लिहून द्यायचं.