आज मशीन बोलत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

संगणकाचं बटण दाबल्यापासून प्रत्यक्ष कामाला हात लागेपर्यंत मध्ये जे घडतं, त्याबद्दल आज बोलणार आहे. आपण पासवर्ड टाकतो आणि मग आपण काहीही न करता एकेक प्रोग्रॅम उघडायला लागतो. खाली घड्याळाशेजारी छोटी छोटी चिन्हं गोळा होतात. मशीन सुरू झालं की तुम्हीही सुरू व्हा, असं त्या सगळ्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं. थोडं आपण सांगितलेलं असतं. बरंचसं त्या प्रोग्रॅमनं इन्स्टॉल होताना स्वतःच लिहून घेतलेलं असतं, आणि आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत पुढे गेलेलो असतो.

मी एका कॉलेजच्या संगणक कक्षात शिकवते. काही वर्षांपूर्वी आमची मशीन जुनी होती, फिरत्या हार्ड डिस्कची. सुरू व्हायला चार-पाच मिनिटं घ्यायची. त्याचं कारण साधं आहे. अशा डिस्कमध्ये माहिती वाचणारा काटा एका वेळी एकाच ठिकाणी असतो. एस.टी. फलाटाला लागली की सगळे जसे एकाच दारातून आत घुसायला बघतात, तसे सगळे प्रोग्रॅम त्या काट्याकडे एकदम धावतात आणि सगळेच अडकतात. आताच्या एसएसडीमध्ये, म्हणजे नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतं, म्हणून ही रेटारेटी फारशी जाणवत नाही.

एका शनिवारी संध्याकाळी मी एकटीच बसले आणि सगळी मशीन साफ करायला घेतली. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात स्टार्टअप असा एक भाग आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ही यादी तिथं मिळते. प्रत्येक नावापुढे ते बनवणाऱ्याचं नाव असतं, ते चालू आहे की बंद हे असतं, आणि त्याच्यामुळे सुरुवात किती रेंगाळते हेही लिहिलेलं असतं: हाय, मीडियम, लो. नावावर राइट क्लिक करून डिसेबल म्हटलं की झालं. प्रोग्रॅम मशीनमध्येच राहतो, फक्त आपोआप उठत नाही. मी नावं वाचत बसले नाही. वरपासून खालपर्यंत सगळं डिसेबल केलं. मशीन पटापट सुरू व्हायला लागली, तेव्हा फार समाधान वाटलं.

सोमवारी सकाळी साडेसातला कक्षात शिरले, तर खिडकीजवळच्या मशीनपाशी बी.ए.चा एक विद्यार्थी बसला होता. तो जन्मापासून अंध. पांढरी काठी भिंतीला टेकवून ठेवलेली. तो एका हातानं स्पीकरची वायर चाचपत होता, टेबलाच्या कडेवरून, खाली, कॅबिनेटच्या मागच्या बाजूपर्यंत. तिथं बोटांनी पिन दाबून बघितली, परत वर आला, परत बटण दाबलं. पडदा उजळला, डेस्कटॉप आला. तो मान तिरकी करून ऐकत राहिला. माझी चाहूल लागल्यावर म्हणाला, "मॅडम, आज मशीन बोलत नाही."

अर्धा तास तो तसाच बसला होता. स्पीकर बिघडला असेल, अशीच त्याची समजूत होती.

बिघडलं काहीच नव्हतं. तो एनव्हीडीए नावाचा प्रोग्रॅम वापरायचा. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा, मोफत मिळणारा. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये तो लिहायला घेतला, आणि ते स्वतः अंध आहेत. तो मराठीही वाचतो. आमच्या मशीनवर काही इन्स्टॉल करायची विद्यार्थ्यांना परवानगी नव्हती, म्हणून त्यानं मित्राच्या मदतीनं त्याची पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी, प्रत ठेवली होती आणि तिचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकला होता. शॉर्टकट अजून तिथंच होता. यादीत मात्र त्याच्यापुढे डिसेबल्ड, माझ्या हातानं.

दिसणाऱ्या माणसासाठी स्टार्टअपची यादी म्हणजे दोन क्लिक वाचवायची सोय. त्याच्यासाठी ती घराचं दार होती. ते मी न विचारता बाहेरून कडी लावून बंद केलं होतं. त्या सकाळची रुखरुख अजून जात नाही.

त्याच दिवशी अॅडमिनचा पासवर्ड मागून घेतला आणि दोन मशीनवर एनव्हीडीए रीतसर इन्स्टॉल केला. इन्स्टॉल करताना 'साइन-इनच्या वेळी वापरा' अशी एक चौकट असते, तिच्यावर खूण ठेवायची. मग पासवर्डच्या पडद्यापासूनच मशीन बोलतं. तोवर तो पासवर्ड अंदाजानं टाकत होता, हे मला तेव्हा कळलं.

आता तुम्हाला स्वतःचा एखादा प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायला हवा असेल, तर कागद-पेन घ्या. कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट येईल. तिथं इंग्रजीत शेल लिहा, एस एच ई दोनदा एल, लगेच कोलन, म्हणजे एकाखाली एक दोन टिंबं, आणि लगेच स्टार्टअप. मध्ये जागा सोडू नका. एन्टर दाबलं की एक फोल्डर उघडेल, बहुधा रिकामाच. हव्या त्या प्रोग्रॅमचा शॉर्टकट त्यात पेस्ट करा. प्रोग्रॅमच हवा असंही नाही. तुमच्या वाचनालयाची पुस्तकं देवघेवीची एक्सेल फाइल असेल, दुकानाची उधारीची वही असेल, तिचा शॉर्टकट टाकला तरी ती रोज सकाळी समोर उघडून येते. ही सोय विंडोज ३.१ पासून, म्हणजे १९९२ पासून आहे. त्याआधी डॉसमध्ये, म्हणजे आदेश टाइप करून चालवायच्या जुन्या प्रणालीत, ऑटोएक्झेक नावाच्या फाइलमध्ये हेच आदेश ओळीनं लिहावे लागत. उबुंटूवाल्यांनी स्टार्टअप अॅप्लिकेशन्स शोधावं, मॅकवाल्यांनी सेटिंग्जमध्ये जनरल आणि त्यात लॉगिन आयटम्स.

यादीतलं काढताना मात्र प्रत्येक नाव वाचा. अँटिव्हायरस, टचपॅड, आवाजाशी संबंधित काही असेल तर हात लावू नका. नाव अनोळखी असेल तर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' म्हणा, ते कुठून येतंय ते कळेल. हे बघायलाच हवं, कारण व्हायरससुद्धा ह्याच यादीत बसायला बघतात. मशीन बंद करून सुरू केलं तरी परत उठता यावं, हीच त्यांची धडपड असते. आणि मशीन दुसऱ्या कुणाचं असेल, तर एकेक नाव त्यांना वाचून दाखवा आणि मगच बंद करा. मी आता तसंच करते. वेळ जास्त लागतो.

घरात कुणाला दिसत नसेल किंवा कमी दिसत असेल, तर आणखी एक लिहून ठेवा. विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि एन्टर एकत्र दाबलं की नॅरेटर बोलायला लागतो, तो मशीनमध्ये आधीपासूनच असतो. एनव्हीडीए इन्स्टॉल केलेला असेल आणि कधी गप्प झाला, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एन. आधी चढत जाणारे सूर ऐकू येतील, मग आवाज.

त्या मंगळवारी सकाळी ते सूर मी पहिल्यांदा नीट ऐकले. त्यानं पासवर्ड टाकला, हेडफोन लावला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "मॅडम, पडदा बंद केला तरी चालेल. वीज वाचेल."

नमस्कार.