बाईंच्या तालमीतलं नागपूर

नमस्कार मंडळी. विषय आहे 'विजया मेहता : रंगमंच आणि पडदा'. विजयाबाई म्हणजे मराठी रंगभूमीवरच्या मोठ्या दिग्दर्शिका आणि अभिनेत्री. सगळी कारकीर्द क्रमानं सांगायला गेलो तर नाटकांची नावं वाचून दाखवण्यातच वेळ जाईल, म्हणून मी आपल्या नागपूरच्या बाजूनं या विषयात शिरतो.

साठच्या दशकातली गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा एक तरुण इथे शिकायला आलेला. सिनेमाचं वेड. एका संध्याकाळी सिनेमाचं तिकीट मिळालं नाही, तेव्हा आता कुठे जायचं म्हणून तो नाटकाला जाऊन बसला. नाटक होतं तेंडुलकरांचं 'मी जिंकलो! मी हरलो!', दिग्दर्शन विजया मेहतांचं. दुसऱ्या दिवशी हाच तरुण पुन्हा तिकीट काढून तेच नाटक बघायला गेला, आणि आपणही नाटक लिहायचं हे त्यानं ठरवून टाकलं. ते महेश एलकुंचवार. त्यांची 'सुल्तान' ही एकांकिका १९६७ साली 'सत्यकथा' मासिकात आली. ती वाचली कोणी? विजयाबाईंनीच. पुढे बाईंच्या 'रंगायन' या प्रायोगिक नाट्यसंस्थेनं ती रंगमंचावर आणली, 'होळी'ही केली.

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो दुसऱ्या दिवशीचा प्रयोग. पहिल्या दिवशी माणूस गोष्ट बघतो. दुसऱ्या दिवशी गोष्ट माहीत असते, तेव्हा तो रचना बघतो. कोण कुठे थांबलं, वाक्य संपल्यावर किती वेळ शांतता ठेवली, ते बघतो. दुसऱ्यांदा बघावंसं वाटावं असं काम बाईंनी उभं केलं होतं, आणि ते उभं राहत होतं तालमीत.

बाईंचा जन्म १९३४ चा, बडोद्याचा. मुंबईत इब्राहिम अल्काझी आणि अदी मर्झबान यांच्याकडे त्या शिकल्या. दोन अगदी वेगळे गुरू: एकाकडे आकृतिबंध आणि कडक शिस्त, दुसऱ्याकडे पारशी रंगभूमीची चपळाई. १९६० साली तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू अशा मंडळींबरोबर 'रंगायन' सुरू झालं. फ्रेंच नाटककार आयनेस्कोच्या 'खुर्च्या' मराठीत आल्या त्या तिथेच. खानोलकरांचं 'एक शून्य बाजीराव' त्यांनी बसवलं आणि त्यात गौरीची भूमिकाही केली. १९७२ च्या सुमाराला 'रंगायन' थांबलं आणि बाई व्यावसायिक रंगभूमीवर गेल्या. प्रायोगिकवाल्यांपैकी पुष्कळांना हे रुचलं नसणार. मला मात्र तो निर्णय पूर्ण पटतो. सभासदांसाठी मोजके प्रयोग करताना जी शिस्त कमावली, ती त्यांनी शेकडो प्रयोगांच्या धंद्यात नेली. व्यावसायिक नाटकाची तालीम म्हणजे पाठांतर आणि हालचाली, एवढंच समजणाऱ्यांच्या मध्ये त्यांनी वाचनाला आठवडे दिले.

'संध्याछाया' घ्या. जयवंत दळवींचं नाटक. मुलं दूर गेलेलं म्हातारं जोडपं, नाना आणि नानी. बाई तेव्हा चाळिशीच्या आसपास होत्या. त्या वयात म्हातारी करायची म्हटली की आपले हौशी कलाकार आधी कंबरेत वाकतात आणि आवाज थरथरवतात. स्पर्धेत मी अशा किती म्हाताऱ्या पाहिल्या, एक-दोन बसवल्याही. नानीचं म्हातारपण पाठीच्या वाकण्यात नाही, वाट बघण्यात आहे. फोन येईल, पत्र येईल, कोणीतरी दार वाजवेल. ती वाट बघणं शरीरात भिनलं की कंबर आपोआप वाकते.

आता पडद्याकडे येतो. दळवींचंच 'बॅरिस्टर' १९७७ सालचं. विक्रम गोखले बॅरिस्टर, मावशी स्वतः बाई. याच नाटकावरून त्यांनी 'रावसाहेब' हा हिंदी चित्रपट केला. त्यात अनुपम खेर होते आणि मावशी पुन्हा बाईच. त्या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तीच व्यक्तिरेखा, तेच विधवेचं आलवण. नाटकात मावशीचं दुःख शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं असतं, म्हणून ते चालण्यात, हातांत, पदर सावरण्यात ठेवावं लागतं. कॅमेरा जवळ आला की तेच दुःख पापणीत मावतं, हात हलवले तर उलट सांडतं. इथे ज्या मुलामुलींना सिनेमात जायचंय, त्यांनी आधी नाटकाची संहिता वाचावी, मग 'रावसाहेब' बघावा. मी माझ्या मुलांना हेच करायला लावतो.

'पार्टी'बद्दल थोडक्यात. नाटक एलकुंचवारांचं, चित्रपट गोविंद निहलानींचा, १९८४ चा. घरी लेखक-कलावंतांना जमवणारी दमयंती राणे बाईंनी केली. नाटक बघून ज्यानं लिहायचं ठरवलं, त्याचे शब्द आता बाई कॅमेऱ्यासमोर बोलत होत्या. नागपूरकरांनी याचा अभिमान मोठ्यानं बाळगावा, असं माझं मत आहे.

आणि 'वाडा चिरेबंदी'. एलकुंचवारांचंच नाटक, बाईंनी बसवलेलं, १९८५ सालचं. इथे मी जरा थांबणार आहे, कारण इथे माझी स्वतःची चूक आहे.

धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा. वडील गेलेत. मुंबईहून सुधीर आणि अंजली आलेत. तेराव्याचा खर्च कोणी करायचा यावरून भास्कर आणि सुधीर, दोघं भाऊ, एकमेकांना टोचतात. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलाय. रात्री वहिनी वडिलोपार्जित दागिने अंगावर घालते. ही आपली माणसं. यातला एकेक काका, एकेक आत्या आपल्या प्रत्येकाच्या घरात होऊन गेलीय.

आम्ही राज्य नाट्य स्पर्धेसाठी हे नाटक बसवत होतो. धरमपेठेतल्या एका शाळेच्या वर्गात, बाकं भिंतीला सरकवून. मला वाटलं, मुंबईच्या दिग्दर्शिकेला जे जमणार नाही ते आपल्याला जमेल. भाषा तर आपल्या घरची. म्हणून मी प्रत्येकाला वऱ्हाडी हेल वाढवायला लावला. 'काऊन', 'करून राहिला' मुद्दाम जोरात. प्रयोगात हशे आले. पहिल्या अंकात मला बरं वाटलं. मग वहिनीनं दागिने घातले तेव्हाही प्रेक्षक हसले. मी विंगेत उभा होतो. वहिनीच्या अंगावर सोनं होतं, डोळ्यांत पाणी होतं, आणि सभागृह हसत होतं. कारण तासभर मीच त्यांना सांगत होतो की या माणसांवर आपण हसायचं आहे.

त्या रात्री घरी येऊन मी संहिता पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. मुंबईत राहणाऱ्या बाईंनी विदर्भाच्या या घराकडे हसण्यासारखं म्हणून पाहिलं नाही. त्यांनी ते कोणत्याही थकलेल्या घराइतकंच गंभीरपणे ऐकलं. म्हणून वाडा मुंबईच्या प्रेक्षकालाही आपला वाटला. मी मात्र घरचा असून ऐकलं नव्हतं.

जाता जाता एक. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रावर बाईंनी टेलिफिल्म केली, त्यात सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या. लक्ष्मीबाईंचे पती, रेव्हरंड टिळक, ख्रिस्ती होण्याआधी इथे नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांच्या कामाला होते. सीताबर्डीवरून जाताना बुटींचं नाव दिसलं की मला त्या संसारातली लक्ष्मीबाईंची फरफट आठवते. हे पुस्तक वाचलं नसेल तर आधी ते वाचा.

पुढच्या महिन्यापासून आम्ही 'वाडा' पुन्हा वाचायला घेतोय. स्पर्धेसाठी नाही. पहिला महिना कोणी उभं राहायचं नाही, हालचाल नाही, हेल नाही. जमिनीवर सतरंजी टाकून फक्त वाचायचं आणि दुसऱ्याचं वाक्य पूर्ण ऐकायचं. ज्यांना यायचं असेल त्यांनी संहिता घेऊन संध्याकाळी सातला यावं. दादीची भूमिका वाचायला अजून कोणी मिळालेलं नाही.