मोडकी पाठ

पडद्यावरचे हे क्ष-किरण चित्र नीट पाहावे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मोठ्या प्रमाणावर पाळल्या जाणाऱ्या चॅनल कॅटफिशचे हे चित्र आहे. डोक्यापासून निघालेला कणा काही अंतर सरळ येतो आणि मग वाकवलेल्या तारेसारखा एका जागी मुडपतो. या माशाला कसला मार लागलेला नाही, जंतुसंसर्गही झालेला नाही. त्याच्या खाद्यातून क जीवनसत्त्व तेवढे पुरेसे मिळाले नव्हते.

तिकडचे मत्स्यशेतकरी या विकाराला 'मोडकी पाठ' म्हणत. मासे मातीच्या तळ्यात विरळ सोडलेले असत, तोवर तो फारसा दिसत नसे, कारण प्लवंग म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव आणि पाण्यातले किडे यांवर त्यांची गरज भागत होती. पिंजऱ्यात दाटीने मासे वाढवले जाऊ लागले आणि पोत्यातले खाद्य हाच त्यांचा एकमेव आहार झाला, तेव्हा ही उणीव उघडी पडली. अलाबामातील ऑबर्न विद्यापीठाचे आर. टी. लव्हेल यांनी १९७३ साली पिंजऱ्यातील कॅटफिशवरचा अभ्यास प्रसिद्ध करून, अशा माशांच्या खाद्यात हे जीवनसत्त्व घालणे अत्यावश्यक आहे, हे दाखवून दिले.

गाय, बकरी, उंदीर हे प्राणी ग्लुकोजपासून क जीवनसत्त्व स्वतःच तयार करतात. त्या साखळीतील शेवटची पायरी गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज नावाच्या विकरावर (शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनावर) अवलंबून असते आणि नेमके तेच विकर आपण पाळतो त्या बहुतेक माशांत नसते. स्टर्जनसारख्या प्राचीन वंशाच्या माशांच्या मूत्रपिंडात ते आजही काम करते. माणसातही ते नाही. त्यामुळे क जीवनसत्त्वाअभावी खलाशांना होणारा स्कर्व्ही हा रोग आणि कॅटफिशची मोडकी पाठ ही एकाच उणिवेची दोन रूपे ठरतात.

आता हाडापर्यंत जाऊ. हाड, कूर्चा आणि त्वचा यांना बळकटी देणारे प्रथिन म्हणजे कोलॅजेन. त्याचे तीन धागे एकमेकांत घट्ट पिळले जाण्यासाठी त्यांतील प्रोलिन या अमिनो आम्लावर हायड्रॉक्सिल गट बसावा लागतो. हे काम करणाऱ्या विकरात लोह असते आणि त्या लोहाला कार्यक्षम अवस्थेत ठेवण्याचे काम क जीवनसत्त्व करते. ते नसेल तर कोलॅजेन तयार होते खरे, पण त्याचा पीळ सैल राहतो. झपाट्याने वाढणाऱ्या बोटुकलीत, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लात, याचा परिणाम लवकर दिसतो. तिचा कल्ला सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर तंतूंना आधार देणाऱ्या कूर्चेच्या काड्या वेड्यावाकड्या झालेल्या दिसतात. शिवाय पर झिजतात, त्वचेखाली रक्तस्राव होतो, जखमा भरत नाहीत.

खरे तर गरज फार मोठी नाही. चॅनल कॅटफिशसाठी किलोभर खाद्यामागे १५ ते ५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरेसे मानले गेले आहे. अडचण आहे ती एवढे जीवनसत्त्व माशाच्या तोंडापर्यंत पोहोचवण्याची. तरंगत्या खाद्याच्या गोळ्या करताना उष्णता, वाफ आणि दाब यांमुळे साध्या ॲस्कॉर्बिक आम्लाचा, म्हणजेच क जीवनसत्त्वाचा, निम्म्याच्या आसपास भाग नष्ट होतो. उरलेले गोदामात, दमट हवेत, खाद्यातल्याच लोह आणि तांब्याच्या संपर्कात हळूहळू ऑक्सिडीकृत होत जाते. गोळी पाण्यात पडल्यावर काही विरघळून जाते ते वेगळेच. म्हणून कारखानदार गरजेच्या कितीतरी पट मात्रा घालत असत. पुढे जीवनसत्त्वाच्या रेणूला फॉस्फेट जोडण्याची युक्ती निघाली. हे फॉस्फेट ऑक्सिडीकरणापासून त्याचा बचाव करते आणि माशाच्या आतड्यातील फॉस्फटेज विकर ते कापून जीवनसत्त्व मोकळे करते. मत्स्यखाद्यातील इतक्या साध्या आणि इतक्या उपयोगी सुधारणा मोजक्याच असतील.

महाराष्ट्रातील धरणांत पिंजरे टाकून तिलापिया आणि पंगस वाढवले जातात. तेथेही मासा तळाशी जाऊन काही शोधू शकत नाही, म्हणून पोत्यावरची उत्पादनाची तारीख आणि पोते ठेवलेल्या खोलीतली ओल, दोन्हींकडे लक्ष ठेवावे लागते.

पुन्हा त्या क्ष-किरण चित्राकडे येऊ. अशा माशाला पुढे पुरेसे क जीवनसत्त्व मिळाले, तर तो खाऊ लागतो, वाढतोही आणि कण्याभोवती नवे, निरोगी हाड तयार होते. मुडपलेले मणके मात्र त्या नव्या हाडाच्या आत तसेच वाकडे राहतात.