पडून राहिलेला माल

[दृश्य : फेब्रुवारी अखेर. नागपुरातला एक छोटा कुलर कारखाना. पत्रा कापला जातोय, रंग दिलेल्या बॉड्या वाळताहेत.]

निवेदन :

नागपुरात कुलर एप्रिल-मेमध्ये विकला जातो. तो किती बनवायचा, हे मात्र फेब्रुवारीतच ठरलेलं असतं. कसं ठरतं, ते ऐका.

"शेठ, यंदा किती बॉड्या काढायच्या?"

"मागच्या साली किती गेल्या होत्या?"

"तीनशे."

"मंग तीनशेच काढ. वाटल्यास दहा-वीस वर."

हा कारखाना कल्पनेतला आहे, आकडेही हिशेबाला सोपे जावेत म्हणून घेतलेले आहेत. संवाद मात्र कोणत्याही कारखानदाराला ओळखीचा वाटेल. आणि या चार वाक्यांवर जगभरातल्या गणितज्ञांनी शंभराहून जास्त वर्षं डोकं खपवलं आहे.

आधी त्या "तीनशे गेल्या"कडे बघू. तीनशे गेल्या, कारण तीनशेच बनवल्या होत्या. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुकानातून हात हलवत परत गेलेल्या गिऱ्हाइकाची नोंद कुठल्याच बिलबुकात नसते. त्यामुळे वहीत दिसते ती विक्री, आणि मालक तिलाच मागणी समजतो. साठ्याच्या शास्त्रात या गोंधळावर स्वतंत्र संशोधन झालंय. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा, की विक्रीलाच मागणी मानत गेलं तर अंदाज दर वर्षी थोडा थोडा खाली घसरतो आणि मालकाला ते कळतही नाही. उपाय दहा रुपयांच्या वहीचा आहे. रिकाम्या हाताने परत गेलेलं गिऱ्हाईक, तारीख आणि कोणता कुलर मागितला, एवढंच लिहायचं.

[दृश्य : वहीचं पान. आठ आकडे एकाखाली एक.]

समजा, अशी वही आठ उन्हाळे ठेवली आणि खरी मागणी निघाली २२०, २४०, २६०, २८०, ३००, ३२०, ३५० आणि ४००. सरासरी २९६. मग २९६ कुलर बनवायचे का?

एका कुलरमागे नफा १,२०० रुपये धरू. उरलेला कुलर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठेवला, तर व्याज, जागा, गंज, बदललेलं मॉडेल असं मिळून ४०० रुपयांचं नुकसान. म्हणजे कमी पडला तर १,२०० जातात, उरला तर ४००. एक हजार दोनशेला या दोन्हींच्या बेरजेने, सोळाशेने भागा. उत्तर येतं पाऊण. चारपैकी तीन उन्हाळे निभतील इतका माल ठेवा, असा त्याचा अर्थ. आपल्या वहीत आठपैकी सहा उन्हाळे निभवणारा आकडा आहे ३२०.

आता नफा-नुकसानीची अदलाबदल करा. एका नगामागे कमाई ४०० आणि उरला तर फटका १,२०० चा. वही तीच, आठ उन्हाळे तेच, पण उत्तर येतं २४०. किती बनवायचं हे फक्त मागणीवर ठरत नाही. चुकलो तर कोणत्या बाजूने जास्त दुखेल, यावरही ठरतं. शेठजींना हे आतून माहीत असतं. फक्त ते त्याला 'अंदाज' म्हणतात आणि दर वर्षी नव्याने घाबरतात.

या गणिताचं मूळ कारखान्यात नाही, बँकेत आहे. ठेवीदार कधीही पैसे मागायला येतील, तेव्हा तिजोरीत रोकड किती ठेवावी, हा प्रश्न एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये हाताळला. पुढे १९५१ मध्ये केनेथ अ‍ॅरो, थिओडोर हॅरिस आणि जेकब मार्शक यांच्या निबंधाने साठ्याच्या सिद्धांताला आधुनिक रूप दिलं. यातल्या अ‍ॅरोंना १९७२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अभ्यासक्रमात हा प्रश्न वर्तमानपत्र विकणाऱ्याच्या नावाने शिकवतात, कारण संध्याकाळी उरलेला पेपर रद्दीच. नागपुरात तो कुलरवाल्याच्या नावाने शिकवायला हरकत नाही.

[दृश्य : रचून ठेवलेल्या रिकाम्या बॉड्या. बाजूला मोटरी, पंप, पंखे, वूडवूलच्या ताट्या.]

एक वाट आणखी आहे. निर्णयच पुढे ढकलायचा. बेनेटन या इटालियन कंपनीने एके काळी स्वेटर आधी बिनरंगाचे विणून ठेवले आणि कोणता रंग चालतोय हे दिसल्यावर रंगवले. कुलरवालाही बॉड्या आधी काढून ठेवू शकतो, पण मोठी मोटर की लहान, मार्केटला काय चालतंय, हे एप्रिलमध्ये बघून बसवू शकतो. पडून राहिला तर पत्रा पडून राहील. मोटरीत पैसे अडकणार नाहीत.

[दृश्य : एप्रिल. रस्ते ओस. दुकानासमोर कुलर चढवले जाताहेत.]

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पारा अचानक चढतो. दुकानात रोज दहाऐवजी पंधरा कुलर जातात. दुकानदार घाबरून तीस मागवतो. ठोक व्यापाऱ्याला अशा पाच दुकानदारांचे फोन येतात, तो कारखान्याला दोनशे सांगतो. कारखानदार मोटरवाल्याला फोन करतो आणि, अर्धीच मिळतील या धाकाने, चारशे मागतो. मग मेच्या सुरुवातीला गारपीट होते, दोन दिवस गार वारा सुटतो, आणि सगळ्यांच्या ऑर्डरी एका दुपारी रद्द होतात. गिऱ्हाइकाची मागणी दीडपट झाली होती. साखळीच्या टोकाला ती कितीतरी पट होऊन पोचली.

याला संशोधक चाबकाचा परिणाम म्हणतात : मुठीकडे थोडा हलला तरी चाबूक टोकाला जोरात फटकारतो. अमेरिकेतल्या एमआयटीचे जे फॉरेस्टर यांनी १९५०-६० च्या सुमारास याचं गणित मांडलं. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला बाळांच्या डायपरमध्ये हेच दिसलं. बाळं रोज साधारण सारखेच डायपर वापरतात, दुकानातली विक्रीही फार हलत नाही. तरी वितरकांच्या ऑर्डरी वर-खाली होत होत्या आणि कंपनीकडून कच्च्या मालाच्या ऑर्डरी त्याहून जास्त. हाउ ली, पद्मनाभन आणि व्हांग या तिघांनी १९९७ मध्ये त्याची कारणं उलगडली. प्रत्येक जण खालच्याच्या ऑर्डरीवरून स्वतःचा अंदाज बांधतो. गाडी भरावी म्हणून मागणी साठवून एकदम सोडतो. स्कीम लागली की भरून ठेवतो. आणि माल तुटला की गरजेपेक्षा जास्त मागतो. यातली कोणती गोष्ट नागपूरच्या इतवारी बाजारात घडत नाही?

एमआयटीतच यावर एक खेळ तयार झाला. चार खेळाडू असतात : दुकानदार, ठोक व्यापारी, वितरक आणि कारखाना. माल बिअरचा, पण प्यायला मिळत नाही. गिऱ्हाइकाची मागणी आठवड्याला चार पेट्या असते, मग एकदाच आठ होते आणि शेवटपर्यंत आठच राहते. एवढ्या एका बदलावर खेळाडू आधी पार रिकामे होतात, मग मालाच्या ढिगाखाली दबतात. जॉन स्टर्मन यांनी १९८९ मध्ये या खेळाचे निकाल अभ्यासले. मजा अशी, की खेळ संपल्यावर बहुतेकांची खात्री असते, की गिऱ्हाइकाची मागणीच वेडीवाकडी होती. हा खेळ व्यापारी संघटनांनी एका रविवारी खेळून बघावा, एवढं आमचं मागणं आहे. भांडणं होतील, पण वेगळ्या विषयावर होतील.

[दृश्य : हिंगणा एमआयडीसी. एका कारखान्याचं स्टोअर. रॅकवर बेअरिंगची खोकी.]

आता एक छोटा हिशेब, हिंगण्यातल्या एखाद्या स्टोअरसाठी. वर्षाला ३,६०० बेअरिंग लागतात. किंमत २०० रुपये नग. एक ऑर्डर द्यायची म्हणजे भाडं, तपासणी, कागद धरून ५०० रुपये. एक बेअरिंग वर्षभर ठेवायचा खर्च ४० रुपये. एका खेपेला किती मागवावेत?

फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९१३ मध्ये एका कारखानदारी मासिकात याचं उत्तर छापलं. पुढे तो पेटंटचा वकील झाला आणि त्याचा मूळ लेख कित्येक दशकं कुणाला सापडत नव्हता. सूत्र मात्र पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिलं. वर्षाची गरज गुणिले ऑर्डरीचा खर्च गुणिले दोन, भागिले ठेवण्याचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. आपलं उत्तर आलं ३००. म्हणजे वर्षाला बारा खेपा. ऑर्डरींचे सहा हजार, ठेवण्याचे सहा हजार, एकूण बारा हजार.

चुकून ४५० मागवले तरी खर्च तेरा हजारच. सूत्र दयाळू आहे, थोडी चूक पोटात घालतं. पण सहा महिन्यांचे १,८०० एकदम घेतले, तर खर्च जातो सदतीस हजारांवर. "दोन टक्के सूट मिळाली ना!" हो, मिळाली, वर्षाला १४,४०० रुपयांची. त्यासाठी वरचे जवळपास पंचवीस हजार घातले. सूट बिलावर छापलेली असते. पडून राहण्याचा खर्च कुठेच छापलेला नसतो, तो ओव्हरड्राफ्टच्या व्याजात मिसळून जातो.

टोयोटाचं नाव घेतल्याशिवाय या विषयावरचं कोणतंही भाषण संपत नाही, म्हणून एवढंच सांगतो. फोर्ड हॅरिसने प्रत्येक खेपेमागचा खर्च दिलेला आहे, तो बदलत नाही, असं मानलं होतं. टोयोटाने त्या खर्चालाच हात घातला. प्रेसचा साचा बदलायला लागणारे तास मिनिटांवर आणले. खेपेचा खर्च चौथाई झाला की सूत्राप्रमाणे खेप निम्मी होते. साठा आपोआप उतरतो. गोदाम रिकामं करा, अशी पाटी लावून तो उतरत नाही.

[दृश्य : झिरो माईलचा खांब. मग बुटीबोरी, मिहान, समृद्धी महामार्गावरचे ट्रक.]

नागपूर देशाच्या मध्यावर आहे, हे वाक्य इथल्या प्रत्येक भाषणात येतं. जमशेटजी टाटांनी ते भाषणात न वापरता हिशेबात वापरलं. १८६७ मध्ये इथे रेल्वे पोचली होती, कापूस आजूबाजूला होता, कोळसा वरोऱ्याला. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली.

आजचा हिशेब करांमुळे बदलला. २०१७ च्या १ जुलैआधी दुसऱ्या राज्यात माल विकला की दोन टक्के केंद्रीय विक्रीकर लागे. स्वतःच्याच डेपोत माल हलवला तर लागत नसे. म्हणून कंपन्या राज्याराज्यात गोदामं ठेवत. जीएसटी आला आणि ती गरज संपली. आता सोळा ठिकाणी सांडण्यापेक्षा एका ठिकाणी ठेवता येतं. जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही पूर्ण खुला आहे.

एकत्र ठेवण्याचा फायदा मोजता येतो. सोळा गोदामांत प्रत्येकी १०० नग अडीअडचणीसाठी, म्हणजे १,६०० नग. सगळी एक केली तर सोळाच्या वर्गमुळाने भाग द्यायचा, ४०० पुरतात. एका गावात मागणी वाढली तर दुसरीकडे घटलेली असते, एकाचं दुसऱ्याला उपयोगी पडतं.

पण हे गणित एका अटीवर चालतं, आणि ती अट माहितीपत्रकांत छापत नाहीत. गावोगावच्या मागण्या एकमेकींपासून सुट्या असायला हव्यात. औषधं, सुटे भाग, पुस्तकं यांचं तसं असतं. कुलरचं नसतं. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, नागपूर तापलं की चंद्रपूर, वर्धा, अकोला सगळंच तापतं. विदर्भातली सगळी कुलरची गोदामं एकत्र केली तरी १,६०० चे जवळपास १,६००च लागतील. मध्यवर्ती गोदाम कोणत्या मालासाठी, हे ठरवल्याशिवाय शेड उभारणारे बरेच आहेत.

[दृश्य : कळमना बाजार. संत्र्यांचे ढीग, हर्रास सुरू.]

संत्र्याला तर गोदामाचा उपयोगच मर्यादित. सैल सालीचं फळ, दाबलं की बिघडतं. त्याचं नियोजन बाजारात होत नाही, झाडावर होतं. शेतकरी पाणी तोडून झाडाला ताण देतो आणि बहार धरतो. आंबिया बहार धरला तर फुलं जानेवारी-फेब्रुवारीत आणि फळ दिवाळीच्या आगेमागे; मृग धरला तर फुलं पावसाळ्याच्या तोंडावर, फळ पुढच्या फेब्रुवारी-मार्चपासून. आठ-नऊ महिन्यांची ऑर्डर, आणि ती रद्द करता येत नाही.

म्हणून अनेक जण फळ झाडावर असतानाच बगीचा व्यापाऱ्याला उक्ता, म्हणजे एकरकमी ठरवून, देऊन टाकतात. गारपिटीची, भाव पडण्याची सगळी जोखीम व्यापाऱ्याकडे जाते आणि तो ती किमतीतून कापून घेतो. जोखीम एकट्यावर आली की माणूस हात आखडून सौदा करतो, हे साखळीतल्या करारांवरच्या संशोधनाने वारंवार दाखवलं आहे. १९८५ मध्ये पास्टरनॅक यांनी न खपलेला माल काही अंशी परत घेण्याच्या कराराचं गणित मांडलं. नंतर विक्रीतला वाटा दोघांत वाटून घेण्याच्या करारांवर काम झालं. जोखीम वाटली गेली की दोघांची मिळून कमाई वाढू शकते.

काटोल-नरखेड-वरुडच्या बगीचांसाठी असा करार लिहायला दोन कलमं पुरतील. उक्त्याचा भाव थोडा कमी, तो बांधावर रोख. आणि आधी ठरवलेल्या भावाच्या वर कळमन्यात जे मिळेल, त्यातला ठरलेला हिस्सा काट्याच्या पावतीवरून शेतकऱ्याला. गाडी कुठे उतरली, भाव काय फुटला, हे दोघांनाही दिसायला हवं. सध्या ती पावती फक्त व्यापाऱ्याच्या खिशात असते.