केसेलरिंगचा हुकूम

(दृश्य : रोम, आर्देआतीने स्मारक. छताखालच्या थडग्यांच्या रांगा.)

या सलग काँक्रिटच्या छताखाली ३३५ थडगी आहेत.

रोमच्या दक्षिणेला, आर्देआतीना रस्त्यालगत ज्वालामुखीच्या मातीच्या या जुन्या खाणी. २४ मार्च १९४४ रोजी इथे ट्रकमधून माणसं आणली गेली. हात पाठीमागे बांधलेले. पाच-पाच जणांना आत न्यायचं, गुडघ्यांवर बसवायचं आणि मागून डोक्यात गोळी घालायची. सगळं आटोपल्यावर खाणीची तोंडं सुरुंग लावून बुजवली.

आदल्या दिवशी रोममधल्या राझेल्ला रस्त्यावर भूमिगतांनी बॉम्ब उडवला होता. त्यात ३३ जर्मन पोलीस मेले. एकाला दहा, असा हिशोब लावला गेला. तो भरतो ३३०. पाच जण जास्तीचे आणले गेले होते, पण त्यांनाही परत जाऊ दिलं नाही. मेलेल्यांत ज्यू होते, इटालियन सैन्यातले अधिकारी होते, एक पाद्री होता. सर्वांत लहान मुलगा १५ वर्षांचा.

(निवेदन नाही. नावं दिसत राहतात.)

एकाला दहाचा हुकूम हिटलरच्या मुख्यालयातून निघाला. इटलीतल्या ज्या मुख्यालयातून तो पुढे गेला, तिथला सर्वोच्च अधिकारी होता फील्डमार्शल आल्बेर्ट केसेलरिंग.

(दृश्य : छायाचित्र. गणवेशातला केसेलरिंग, हसताना.)

दोस्त सैन्यात त्याला ‘हसरा आल्बेर्ट’ म्हणत. बहुतेक फोटोंत तो असाच दिसतो.

हा माणूस विमानदलाचा. जन्म १८८५ चा, बव्हेरियातला, वडील शाळामास्तर. १९०४ मध्ये तो तोफखान्यात भरती झाला आणि बलूनमधून टेहळणी करायला शिकला. पहिलं महायुद्ध मुख्यतः नकाशे आणि हुकूमनामे यांच्या टेबलावर गेलं. पुढची वर्षंही तशीच. खर्च, भरती, पुरवठा यांची घडी बसवण्यात त्याचा हातखंडा होता.

व्हर्सायच्या तहाने जर्मनीला विमानदल ठेवायला बंदी होती. हिटलर सत्तेवर आला आणि ते गुपचूप उभं करायचं ठरलं. १९३३ मध्ये केसेलरिंगला सैन्यातून काढून या नव्या खात्याचा कारभार दिला. धावपट्ट्या, बराकी, कारखान्यांची कंत्राटं, सगळं त्याच्याकडे. विमान चालवायला तो वयाच्या ४८ व्या वर्षी शिकला! जून १९३६ मध्ये विमानदलाचा प्रमुख स्टाफ अधिकारी वेफर विमान अपघातात गेला आणि ती खुर्ची केसेलरिंगला मिळाली. १९३९ मध्ये पोलंडवर हल्ला झाला तेव्हा एका अख्ख्या हवाई ताफ्याचा तो सेनापती होता. वॉर्सावर बॉम्ब टाकणाऱ्यांत त्याची विमानं होती.

(दृश्य : रॉटरडॅम, मे १९४०. आगीचे लोट. नंतर उघडंबोडकं मैदान, मधोमध एक चर्च.)

हे रॉटरडॅम. १४ मे १९४०. शहराच्या शरणागतीची बोलणी चालू होती आणि जर्मनांची हाइन्केल बॉम्बफेकी विमानं निघालीही होती. परत फिरा असं सांगायला जमिनीवरून लाल बाण सोडले गेले. एक तुकडी वळली, दुसरी वळली नाही. जुन्या शहराचा मध्यभाग जळून गेला. साडेआठशेच्या आसपास माणसं मेली, ऐंशी हजारांच्या डोक्यावरचं छप्पर गेलं. विमानं हवाई ताफा क्रमांक दोनची, त्याचा सेनापती केसेलरिंग. दोन महिन्यांनी, जुलै १९४० मध्ये, तो फील्डमार्शल झाला.

युद्धानंतर न्यूरेंबर्गला नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला. तिथे तो साक्षीदार म्हणून उभा राहिला तेव्हा वॉर्सा, रॉटरडॅम, कॉव्हेंट्री या शहरांबद्दल त्याला प्रश्न विचारले गेले. या शहरांसाठी आरोप मात्र त्याच्यावर कधीच ठेवला गेला नाही. शहरांवर बॉम्ब दोन्ही बाजूंनी टाकले होते, आणि त्या मोजमापाने स्वतःला मोजून घ्यायला जिंकणारे तयार नव्हते, असं आम्हाला वाटतं.

(दृश्य : सोराते डोंगर. बोगद्यातून चालणारा कॅमेरा.)

रॉटरडॅमनंतर केसेलरिंगची आघाडी इंग्लंड, मग रशिया, आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये इटली. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली. त्यानंतर रोमच्या उत्तरेला, या डोंगराच्या पोटात त्याने मुख्यालय थाटलं. विमानदलाचा माणूस आता पायदळ लढवत होता, आणि उत्तम लढवत होता. एक नदी सोडायची, मागच्या डोंगरावर पुन्हा ठाण मांडायचं. दोस्तांना इटली चढायला पावणेदोन वर्षं लागली ती यामुळे.

(दृश्य : उम्ब्रिया, मोन्तोने गाव. दगडी सूर्यघड्याळ.)

त्या चढाईत आपली माणसं होती. हे सूर्यघड्याळ २०२३ मध्ये बसवलं, नायक यशवंत घाडगे यांच्या नावाने. रायगडातल्या माणगाव तालुक्यातलं पळसगाव हे त्यांचं गाव, पलटण मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन चालली. ते सोडून सगळे पडले. घाडगे एकटे धावून गेले. ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीनेच झोडपलं. परतताना शत्रूच्या गोळ्या लागून ते तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. वय २२. इटलीत जवळपास ५० हजार हिंदी सैनिक लढले, ५,७८२ परत आले नाहीत.

समोरचं सैन्य केसेलरिंगचं. आणि त्याच उन्हाळ्यात त्याच्या सहीने दोन कागद निघाले होते.

(दृश्य : हुकमाचा टंकलिखित कागद, सावकाश जवळ.)

पहिला १७ जून १९४४ चा. भूमिगतांशी लढताना साधन निवडण्यात चूक झाली तरी चालेल, हात आखडता घेऊ नका, असं त्यात आहे. पुढचं वाक्य नीट ऐका. नेहमीचा संयम ओलांडून जो अधिकारी जास्त कठोर होईल, त्याला मी पाठीशी घालीन.

दुसरा कागद १ जुलैचा. भूमिगतांची संख्या मोठी असेल त्या भागातल्या पुरुषांपैकी काहींना धरून ठेवा, हल्ला झाला तर त्यांना गोळ्या घाला. गावातून गोळी आली तर गाव जाळा. म्होरक्यांना चौकात फाशी द्या.

या हुकमात गुन्हेगार कोण हे शोधायला सांगितलेलं नाही. धरून ठेवलेला माणूस कोण आहे, त्याने काय केलं, हा प्रश्नच त्यात येत नाही. आणि हात राखून वागणाऱ्या अधिकाऱ्याला या कागदाचा काहीच आधार नव्हता.

(दृश्य : सान्तान्ना दी स्ताझेमा, चर्चपुढचं पटांगण.)

१२ ऑगस्ट, सान्तान्ना. जर्मन सैन्याने या गावात कत्तल केली. मेलेल्यांचा इटलीत सांगितला जाणारा आकडा ५६०. बहुतेक बायका, मुलं, म्हातारे.

तक्रारी खुद्द मुसोलिनीने केल्या, म्हणजे जर्मनांच्याच साथीदाराने. २४ सप्टेंबरला केसेलरिंगने लेखी कळवलं, की आपल्या सैन्याचं वागणं किळस आणणारं आहे. म्हणजे काय चाललंय हे त्याला माहीत होतं. पाच दिवसांनी मार्झाबोत्तोच्या डोंगरातली कत्तल सुरू झाली. सुमारे ७७० माणसं.

(दृश्य : मेस्त्रे, १९४७. आरोपीच्या जागी केसेलरिंग.)

व्हेनिसजवळ मेस्त्रेला ब्रिटिश लष्करी न्यायालयात १७ फेब्रुवारी १९४७ पासून खटला चालला. आरोप दोन : आर्देआतीनेची हत्या, आणि हुकूम काढून नागरिकांना मारण्याची चिथावणी. कठोर व्हावं लागलं, पण अतिरेक मी रोखत होतो, असा त्याचा बचाव. ६ मे रोजी दोन्ही आरोप सिद्ध झाले. शिक्षा, गोळ्या घालून मृत्यू. चर्चिल आणि केसेलरिंगविरुद्ध लढलेले ब्रिटिश फील्डमार्शल अलेक्झांडर यांनी त्याच्यासाठी शब्द टाकला. जुलैत मृत्युदंडाची जन्मठेप झाली, ऑक्टोबर १९५२ मध्ये आजारपणामुळे सुटका. लगेच तो माजी सैनिकांच्या श्टालहेल्म संघटनेचा प्रमुख झाला. इटालियनांनी आपलं स्मारक उभारायला हवं, असं तो म्हणाल्याचं इटलीत पसरलं. इटलीतल्या कुनेओ शहराच्या नगरपालिकेने त्याला उत्तर म्हणून एक शिलालेख लावला, तो आजही तिथे आहे. १९६० मध्ये केसेलरिंग जर्मनीत बाड नाउहाइमला वारला.

२००५ मध्ये ला स्पेत्सियाच्या लष्करी न्यायालयाने सान्तान्नाच्या कत्तलीसाठी एसएसच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या, दहा माजी सैनिकांना त्यांच्या गैरहजेरीत जन्मठेप दिली. जर्मनीने एकालाही इटलीच्या हवाली केलं नाही.