बारा जणांची एक फाईल

(दृश्य: शाळेचं मैदान, कबड्डीची प्रॅक्टिस. नंतर फोटो स्टुडिओतला कॉम्प्युटर.)

शाळांच्या स्पर्धा सुरू झाल्या की तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर फोटो येऊन पडायला लागतात. कबड्डीची टीम म्हणजे बारा पोरं, सात मैदानात आणि पाच एक्स्ट्रा, आणि सरांना उद्या संध्याकाळपर्यंत फ्लेक्स पाहिजे असतो. सगळे एकत्र उभे असलेला फोटो बहुतेक वेळा कुणाकडेच नसतो, एकाचा गेटपाशी काढलेला, एकाचा मामाच्या लग्नातला, एकाचा आयकार्डवरचा. मग घाईत काय होतं, कॅप्टन मधे मोठा, शेजारी दोन रेडर, आणि एक्स्ट्राची पाच पोरं खाली कोपऱ्यात पासपोर्ट साईझच्या गोलात. मुद्दाम कुणी करत नाही हो. पण तो फ्लेक्स शाळेच्या कंपाउंडवर कितीतरी दिवस राहतो, आणि त्या पाच जणांच्या घरचेही रोज तिथूनच जातात.

म्हणून टेम्प्लेट, म्हणजे तयार साचा. एकदा नीट बसून बनवायचं, बाराच्या बारा जणांना सारखी जागा द्यायची, आणि मग कितीही घाई असू दे, ती जागा कुणाची जात नाही.

(दृश्य: फोटोशॉपची रिकामी फाईल.)

साईझ घ्या 18 बाय 12 इंच, 300 डीपीआय (एका इंचात 300 ठिपके), म्हणजे 5400 बाय 3600 पिक्सेल. हीच का, तर 6 बाय 4 फुटाच्या फ्लेक्सचं प्रमाण पण हेच आहे. तीच फाईल फ्लेक्सला दिली की 75 डीपीआय पडतं आणि लांबून बघायच्या फ्लेक्सला तेवढं चालतं, म्हणजे फ्रेमचा फोटो आणि फ्लेक्स दोन्ही एकाच फाईलमधून. चारी बाजूंनी अर्धा इंच मोकळा सोडा, फ्लेक्सवर त्याचे 2 इंच होतात, तिथे दोरीसाठी रिंगा ठोकतात आणि कडेला उभ्या पोराच्या खांद्यात रिंग गेलेली फार वाईट दिसते.

आता खरं काम. एका खेळाडूची जागा बनवायची, कमरेपर्यंत फोटो बसेल एवढी उभी चौकट, आणि तिच्या लेयरवर, म्हणजे फाईलमधल्या त्या थरावर, राईट क्लिक करून कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट. फोटोशॉपमधे हे 2005 सालच्या सीएस2 पासून आहे. स्मार्ट ऑब्जेक्टवर डबल क्लिक केलं की ती चौकट वेगळ्या खिडकीत उघडते, तिथे पोराचा कापलेला फोटो टाकायचा, कंट्रोल एस करून सेव्ह, आणि मेन फाईलमधे तो आपोआप जागेवर येऊन बसतो, सावली, बॉर्डर, खालचा फेड सगळ्यासकट.

आता या एका चौकटीच्या बारा करायच्या आणि इथेच बऱ्याच जणांची फाईल फसते. कंट्रोल जे मारून कॉपी केली तर त्या बाराही चौकटी आतून एकच राहतात, एकीत फोटो टाकला की बाराही ठिकाणी तोच पोरगा उभा. त्यामुळे खेळाडूंसाठी राईट क्लिक करून न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी, प्रत्येक वेळी. आणि शाळेच्या लोगोला बरोबर उलटं, तो कंट्रोल जे नेच कॉपी करायचा, कारण तो वर, खाली, बॅकग्राउंडला पुसट असा तीन ठिकाणी असतो आणि शाळा बदलली की एकदाच बदलून तिन्हीकडे बदलायला हवा. हा फरक हाताला बसला ना की अर्धं टेम्प्लेट जमलं.

रंग दोनच ठेवा, दोन्ही सॉलिड कलरच्या लेयरवर, जर्सी बघून बदलायचे. फोटो कापताना इरेझर नको, मास्क लावा, त्याने भाग पुसला जात नाही, फक्त झाकला जातो, कान किंवा केस जास्त उडाले तर परत आणता येतात.

(दृश्य: भिंतीपाशी पोरं रांगेत, जमिनीवर चिकटपट्टी.)

पण सगळी पोरं एका उंचीची कशी दिसणार? ती दिसायची नाहीतच. आठवीतला बुटका कॉर्नर ओढून ताणून दहावीतल्याएवढा केला की डोकं भोपळ्याएवढं होतं. त्यापेक्षा शाळेत जाऊन फोटो काढायची सोय असेल तर जमिनीवर चिकटपट्टी लावा, सगळे तिथेच उभे, कॅमेरा ट्रायपॉडवर, झूमला हात नाही, उजेड एकाच बाजूने. मग बाराही फोटो सारख्याच टक्केवारीने लहान करायचे, जो उंच आहे तो उंच दिसतो, जो बुटका तो बुटका, आणि चेहरे बरोबर मापात राहतात. व्हॉट्सअॅपवरच मागवायचे असले तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर फोटो दाबला जातो आणि फ्लेक्सवर चेहरा फुटतो. अशा आलेल्या फोटोंसाठी चौकटीच्या आत दोन गाईड, म्हणजे मापाच्या रेघा, टाकून ठेवा, एक डोळ्यांची, एक हनुवटीची, त्यावर चेहरा बसवायचा.

मग नावं. प्रत्येक चौकटीखाली नावाची पट्टी, मजकूर सेंटरला, आणि पट्टीच्या मापाला लांब नाव घ्यायचं, ज्ञानेश्वर, ओम नाही. फॉन्ट युनिकोडच घ्या, म्हणजे मोबाईलवरचं मराठी जसंच्या तसं चालतं असा, मुक्ता किंवा बालू, दोन्ही फुकट आहेत आणि मुंबईच्या ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेत. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधे सरांनी मोबाईलवर टाईप करून पाठवलेली यादी पेस्टच होत नाही, सगळी नावं हाताने परत टाईप करायची आणि तिथेच चुका घुसतात. आणि फोटोशॉप जुनं असेल तर प्रेफरन्सेसमधे टाईपमधे जाऊन वर्ल्ड रेडी लेआउट आहे का बघा, नाहीतर विजयची वेलांटी ज वर जाऊन बसते. पोराचं नाव पहिल्यांदा एवढ्या मोठ्या अक्षरात लागणार, ते चुकून कसं चालेल.

फोटोशॉपचे पैसे परवडत नसतील तर ब्राउझरमधे फोटोपी ही वेबसाईट उघडा, तिथे फोटोशॉपची पीएसडी फाईल उघडते आणि स्मार्ट ऑब्जेक्ट पण चालतात.

(दृश्य: लेयर्सचं पॅनल, बारा ग्रुप.)

प्रत्येक खेळाडूचा वेगळा ग्रुप, फोटो आणि नाव एकत्र, म्हणजे टीम दहाचीच आली तर दोन ग्रुपसमोरचं डोळ्याचं चिन्ह बंद करून ते लपवायचे आणि बाकीचे सरकवून मधे. शाळेच्या खो-खोची टीम पण साधारण बाराची, त्यातले नऊ मैदानात, व्हॉलीबॉलला पण साधारण बारा, त्यामुळे हीच फाईल तिन्ही खेळांना चालते, फक्त क्रिकेटला वेगळी करा. झालं की विंडोजमधे मूळ फाईलवर राईट क्लिक, प्रॉपर्टीजमधे जाऊन ती रीड-ओन्ली करा आणि प्रत्येक टीमसाठी सेव्ह अॅज, नावात शाळा, खेळ आणि साल.

(दृश्य: मुलींची खो-खोची टीम, भिंतीपाशी पहिली मुलगी चिकटपट्टीवर उभी राहते.)

आता ही पुढची टीम, मुलींची खो-खो, याच फाईलमधे. सुरुवात एक्स्ट्रापासून करूया.