शामिसेनची गवसणी

तंबोऱ्यावर जी कापडी खोळ चढवतात तिला आपण गवसणी म्हणतो ना, तर आत्ता समोर चटईवर जी लांबच लांब पिशवी पसरलीये ती शामिसेन या जपानी वाद्याची गवसणी. तिकडे म्हणतात नागाबुकुरो. लांब पिशवी, एवढाच त्याचा अर्थ.

शामिसेन तीन तारांचं, साधारण मीटरभर लांब. मूळ चीनचं, ओकिनावामार्गे 16व्या शतकात ओसाकाजवळच्या साकाई बंदरात आलं, आणि मग काबुकी नाटक म्हणा, बाहुल्यांचा खेळ म्हणा, गेइशांची बैठक म्हणा, याच्याशिवाय पान हलेना. चांगल्या वाद्याची दांडी ज्या लाकडाची करतात ते आपल्याकडचं, आंध्रातलं रक्तचंदन.

जरा जवळून बघूया. बारीक दांडी, वर बाहेर आलेल्या तीन खुंट्या, खाली चौकोनी खोकं आणि त्याच्यावर दोन्ही बाजूंनी ताणून बसवलेलं कातडं, मांजराचं नाहीतर कुत्र्याचं, हल्ली सिंथेटिकसुद्धा. हे कातडं इतकं ताणलेलं असतं की जून-जुलैच्या पावसात हवा दमट झाली की कधी कधी कुणी हातही न लावता फाटतं. म्हणून वाजवून झालं की आधी घोडी काढायची (तिला जपानीत कोमा म्हणतात, म्हणजे शिंगरूच, मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला!), तारा सैल करायच्या, खोक्याला ओल धरू नये म्हणून कागदी पिशवी घालायची आणि मग सगळ्यावरून ही कापडी.

आता कापड. ही पिशवी जुन्या किमोनोची आहे. किमोनोत गोलाई कापतच नाहीत, सगळे सरळ पट्टे, साधारण 36 सेंटिमीटर रुंदीचे, आणि शिवण साध्या धावदोऱ्याची, त्यामुळे उसवला की पट्टे जसेच्या तसे हातात येतात. पूर्वी किमोनो धुवायचा तरी असाच उसवायचे, धुवून खळ देऊन फळीवर ताणून वाळवायचे आणि परत शिवायचे. म्हणजे या कापडाला उसवून पुन्हा उभं राहायची सवयच आहे.

पण एका पट्ट्यात भागत नाही. खोकं सुमारे 19 सेंटिमीटर रुंद आणि 9 जाड, म्हणजे घेर झाला 56, आणि पट्टा 36चा. दोन जोडावेच लागतात. इथे खरी कसोटी, कारण जोडावर नक्षी तुटते. ही पिशवी शिवणाऱ्या आज्जींचे हात बघा, या पट्ट्यावर बगळे आहेत, त्या पट्टा बोटभर वर सरकवतात, परत खाली, परत वर, टाचणी लावतात, काढतात, आणि शेवटी एका बगळ्याचा पंख शिवणीच्या पलीकडच्या फांदीला असा जाऊन लागतो की तो त्या फांदीवरच उतरतोय असं वाटतं. मशीनवर शिवलेली, झिपवाली पॅडिंगची बॅग टिकाऊ असेल, ट्रेनच्या गर्दीत सोयीचीही असेल, पण त्या बगळ्यासाठी कुणी एवढा वेळ थांबणार नाही, आणि मला तरी हाच वेळ मोलाचा वाटतो.

जुन्या किमोनोचं लाल रेशमी अस्तर मात्र आज्जी बाजूला ठेवतात. तो लाल रंग करडईच्या फुलांचा, हो, आपल्या शेतातली करडईच, आणि पाणी लागलं की सुटतो. शामिसेनचं कातडं पांढरं. आत साधं सुती अस्तर लागतं.

खुंट्यांपाशी आतून आणखी एक तुकडा, कारण कापड विरतं ते तिथेच. मग तोंडाला गोफ. वाद्य आत सरकतं, खुंट्या अडतात, आज्जी दांडी किंचित फिरवतात, आणि पिशवी बसते. गोफाची गाठ सुटी राहील अशी मारतात, एका टोकाला ओढलं की उघडणारी.